डाव्या अंगठ्याचा संधिवात आणि गोल्फ: सगळा सेट बदलू की नुसत्या ग्रिप?

नाथसागर:

नमस्कार मंडळी,

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि त्यानंतर गोल्फला लागलो. आमच्याकडं हा खेळ खेळणारे मोजकेच, त्यामुळं शेजारीपाजारी विचारावं असं कोणी नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

त्रास असा. मी उजव्या हातानं खेळतो, पण दुखतो तो डावा अंगठा. शेंड्याला नाही, मुळाशी, मनगटाला जिथं मिळतो तिथं. आधी वाटलं लचक भरली असेल. तेल चोळून पाहिलं, लेप लावून पाहिला. पुढं बाटलीचं झाकण उघडताना, भरलेला तांब्या उचलताना कळ यायला लागली तेव्हा एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली: सांध्यातली फट जवळजवळ बुजलीय, कडेनं हाड वाढलंय. झीज आहे म्हणाले. रक्त तपासलं, आमवाताचं काही निघालं नाही. खेळ सोडा असं ते म्हणाले नाहीत. "हाताला हादरा कमी बसेल असं बघा, दुखलं की थांबा," एवढंच सांगितलं. हादरा कमी कसा बसवायचा, ते काही त्यांना विचारता येईना. ते गोल्फ खेळत नाहीत.

दुखायची वेळ नेमकी सांगतो. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) टीवरून, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंटीवरून, मारला की फारसं जाणवत नाही. पटरला, म्हणजे बॉल भोकात ढकलायच्या क्लबला, काहीच नाही. पण सात नंबरचं आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब) जमिनीवरून मारलं आणि बॉलच्या आधी माती लागली की अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. सध्या जमीन तापून अशी कडक झालीय की क्लब मातीत शिरतच नाही, उसळतो. दुसरं, बॅकस्विंगच्या टोकाला. क्लब डोक्यामागं गेला की त्याचा सगळा भार त्या अंगठ्यावर येतो, तिथं कळ येते आणि नकळत मूठ आवळली जाते. मग तो फटका गेलाच. तिसरी गोष्ट लहान वाटेल, पण टी जमिनीत खोवताना जीव जातो. मे महिन्यात काळ्या मातीत टी खोवून बघा म्हणजे कळेल.

सामान असं आहे: आयर्न सगळी स्टीलच्या शाफ्टची, म्हणजे दांड्याची. ओळखीच्या एका लष्करी अधिकाऱ्यांनी बदली होऊन जाताना दिलेली. त्यावरच्या ग्रिप, म्हणजे मुठीवरची रबरी वेष्टनं, मूळच्याच असाव्यात, आत दोरा असलेल्या, खरखरीत. आता त्या ठिकठिकाणी चकचकीत झाल्यात आणि डाव्या अंगठ्याखाली तर चक्क खळगा पडलाय. ड्रायव्हरचा शाफ्ट ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा. बॅग स्वतःच खांद्यावर घेतो.

जावई पुण्याला असतात. ते म्हणतात, "बाबा, यंदा वाढदिवसाला सगळा ग्रॅफाइटचा सेट घेऊ." लेकीचाही आग्रह आहे. पण एवढा खर्च करून दुखणं तसंच राहिलं तर त्यांचे पैसे वाया जातील आणि त्यांना तसं सांगायची वेळ माझ्यावर येईल. ऑनलाइन बघताना संधिवातासाठी म्हणून विकायला ठेवलेल्या ग्रिप दिसल्या, काहींना बोटांसाठी खाचा पाडलेल्या. त्या घ्याव्यात का? की जाड ग्रिप घ्याव्यात? की हातमोज्यानंच काम भागेल? आधी काय बदलावं आणि कशाच्या मागं लागू नये, हे अनुभवी माणसानं सांगावं.

हा खेळ मला सोडायचा नाही. नोकरीत असताना कालव्याच्या कडेनं मैलोन्मैल चालायची सवय होती, निवृत्तीनंतर ती तुटली होती. गोल्फमुळं परत लागली. मला मधुमेह आहे, आणि साखर आटोक्यात राहते ती या चालण्यामुळंच.


गेवराईचा_जवान:

काका, नमस्कार. मी सैन्यात होतो. शेवटची काही वर्षं लष्कराच्या गोल्फ मैदानावर होतो, तिथल्या शेडमध्ये क्लब दुरुस्तीचं काम माझ्याकडं होतं. आता गेवराईजवळ गावी असतो, शेती बघतो, आणि ओळखीपाळखीच्या खेळाडूंच्या ग्रिप बदलून देतो. असे हात मी लई बघितलेत. साठीच्या पुढचे निम्मे खेळाडू डावा अंगठा चोळत यायचे.

सेट घेऊ नका. आत्ता तरी नाही. आधी ग्रिप.

तुमचं दुखणं हादऱ्यानं वाढतं हे खरं, पण त्याच्याआधी आवळण्यानं वाढतं. तुम्हीच लिहिलंय की नकळत मूठ आवळली जाते. माणूस आवळतो कधी? मूठ बारीक असली की, नाहीतर ती निसटेल असं वाटलं की. तुमच्याकडं दोन्ही आहे. कुऱ्हाडीला बारीक आणि गुळगुळीत दांडा बसवला तर दिवस मावळेपर्यंत हात भरून येतो, आणि हाताला भरेल असा दांडा असला की तोच माणूस तेवढीच लाकडं फोडून घरी येतो आणि जेवायला बसतो. गोल्फ क्लबचं काही वेगळं नाही.

आता मापाचं सांगतो. पुरुषांची नेहमीची ग्रिप वरच्या टोकापासून दोन इंच खाली मोजली तर साधारण ०.९ इंच जाड भरते, म्हणजे २३ मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या पुढची मिडसाइज, ती इंचाच्या सोळाव्या भागानं जाड, म्हणजे दीड मिलिमीटर धरा. त्याच्याही पुढची जंबो, ती इंचाच्या आठव्या भागानं, तीन मिलिमीटरला थोडी जास्त. आकडे ऐकून काहीच वाटत नाही. हातात धरल्यावर फरक असा कळतो की माणूस ग्रिपकडं बघतच राहतो.

दुकानदार माप बघायला एक रीत सांगतात: डाव्या हातानं क्लब धरा, मधलं बोट आणि अनामिका तळव्याला जेमतेम टेकली तर ग्रिप बरोबर. निरोगी हाताला हे ठीक आहे. ज्याचा सांधा दुखतो त्याला बोटांची टोकं आणि तळवा यांत थोडी फट राहू द्या. हात पूर्ण मिटायची गरज पडली नाही की आवळणं आपोआप कमी होतं.

जाडीइतकंच महत्त्व मऊपणाला आहे. दोऱ्याची ग्रिप काढून टाका. ती घामाला आणि पावसाला चांगली, जवान पोरांना चांगली, तुमच्या हाताला नाही. साधं मऊ रबर किंवा त्याहून मऊ, स्पंजासारखं दबणारं मटेरियल मिळतं ते घ्या. ते लवकर झिजतं, हे आधीच सांगून ठेवतो. झिजलं तर झिजू द्या, बदलता येतं. अंगठा बदलता येत नाही.

आणखी एक काम कुठल्याही जाड ग्रिपमध्ये करून घेता येतं. ग्रिप वर जाड आणि खाली निमुळती असते, त्यामुळं उजवा हात बारीक भागावर येतो आणि जास्त आवळतो. बसवताना खालच्या भागात मास्किंग टेपचे दोन-तीन जादा वेढे दिले की निमुळतेपणा मोडतो, दोन्ही हातांना सारखी जाडी मिळते. काही कंपन्या अशी ग्रिप तयारच विकतात, पण टेपनं तेच होतं आणि टेपला पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल.

बोटांच्या खाचांची ग्रिप घेऊ नका. एक तर नियमात बसत नाही. पटर सोडून बाकी क्लबांची ग्रिप गोलच लागते; सरळ, लांबीभर गेलेली बारीक उंचवट्याची रेघ चालते, पण हाताच्या आकारात घडवलेली चालत नाही. तुम्ही मित्रांबरोबर खेळता, तिथं कोण तपासणार, असं म्हणाल. पण दुसरं कारण जास्त मोठं आहे. त्या खाचा कुणाच्या तरी बोटांच्या मापानं पाडलेल्या असतात. ज्या दिवशी तुमचं बोट सुजलेलं असेल त्या दिवशी ती खाच तुम्हाला चावेल, आणि अंगठा थोडा सरकवून बघायची सोयही राहणार नाही.

पटरला मात्र नियम मोकळा आहे. सपाट बाजूची, चांगली जाडजूड ग्रिप बसवा. सध्या दुखत नाही म्हणून सोडू नका. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, आपण विसरून जातो पण तिथंही चिमटीत धरण्याची सवय असते.

ग्रिप कशी बदलतात ते लिहितो म्हणजे तिथं कुणाकडून करून घेताना लक्ष ठेवता येईल. क्लब शिकंज्यात (व्हाइसमध्ये) रबराच्या तुकड्यात धरायचा. वाकड्या पात्याच्या सुरीनं जुनी ग्रिप उभी चिरायची, सुरी अंगापासून लांब ओढत. स्टीलवर जोर चालतो. ग्रॅफाइटवर पातं खोल गेलं तर शाफ्टचे धागे तुटतात आणि तो पुढं कधीतरी हातात मोडतो, म्हणून तिथं पातं जवळजवळ आडवं धरायचं. जुनी टेप हेअर ड्रायरनं गरम करून खरवडायची. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि इथंच लोक घाई करतात. जुन्या टेपचे गोळे राहिले की नव्या ग्रिपमध्ये उंचवटे येतात आणि ते नेमके अंगठ्याखाली सापडतात. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळायची, ग्रिपच्या शेंड्याचं भोक बोटानं दाबून आत टर्पेंटाइन ओतायचं, हलवायचं, तेच टेपवर सोडायचं आणि एका दमात ग्रिप सारायची. अर्ध्यात थांबलात तर तिथंच बसली. रेषा सरळ बघून रात्रभर वाळू द्यायचं. काही जण पेट्रोल वापरतात. काम होतं, पण शेडमध्ये पेट्रोल उघडं ठेवणं मला पटत नाही, तुम्हीही कुणाला करू देऊ नका.

ग्रिप बदलून एक ऋतू खेळा. तरीही आयर्न मारताना हादरा कोपरापर्यंत जात असेल तर मग शाफ्टचा विचार करा. आयर्नचा स्टीलचा शाफ्ट साधारण ९० ते १३० ग्रॅमचा असतो, ग्रॅफाइटचा ५० ते ८० च्या दरम्यान. वजन कमी होतंच, पण खरा फायदा हा की चुकीच्या फटक्याची थरथर ग्रॅफाइट बरीचशी स्वतःत जिरवतो. स्टील ती सरळ हाताला पोचवतं. तेव्हाही सगळा सेट लागणार नाही. तुमच्याकडं चार आणि पाच नंबरची आयर्न असतील तर ती काढा आणि त्यांच्या जागी हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या घडणीचे क्लब, घ्या. हायब्रिडचा तळ रुंद असतो, तो कडक जमिनीवरून घसरत जातो, रुतत किंवा उसळत नाही. आपल्या भागातल्या जमिनीला तो क्लब फार उपयोगाचा आहे. जावईबापूंना द्यायचंच असेल तर त्यांना सांगा, हायब्रिड द्या.

शेवटचं, उन्हाळ्याबद्दल. क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडं बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा डिकीत काय होत असेल बघा. टेपचा चिकटपणा सुटतो, ग्रिप शाफ्टवर फिरायला लागते, रबर कडक होतं. आणि ग्रिप धुवा. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. घाम आणि धूळ बसून जो थर होतो त्यानंच ग्रिप निसटती वाटते. नवी ग्रिप येईपर्यंत आज संध्याकाळी एवढं तरी करून बघा.


लातूरची_फिजिओ:

नमस्कार काका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातूरला प्रॅक्टिस करते. गोल्फ खेळत नाही, पण अंगठ्याच्या मुळाचा हा सांधा रोज बघते: शिक्षक, शिंपी, आणि सगळ्यात जास्त बायका, पन्नाशीनंतरच्या.

जवानदादांनी आवळण्याबद्दल लिहिलंय ते अगदी नेमकं आहे. चिमटीत किलोभर जोरानं काही दाबलं तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर त्याच्या दहा-बारा पट भार येतो. हा सांध्याच्या रचनेचा परिणाम आहे. टोकाला थोडं, मुळाशी खूप. म्हणून टी खोवताना जीव जातो हे तुम्ही लहान गोष्ट म्हणून लिहिलं असलं तरी माझ्या दृष्टीनं ती लहान नाही. पटरपेक्षा, ड्रायव्हरपेक्षा ती चिमटी वाईट.

एका बाबतीत मात्र दादांच्या मापाला थोडी मर्यादा घालते. बोटांचे सांधे दुखत असतील तर जितकी जाड मूठ तितकी बरी. अंगठ्याच्या मुळाचं तसं नाही. फार जाड वस्तू धरली की अंगठा तर्जनीपासून लांब ताणला जातो आणि त्या ताणातही हाच सांधा दुखतो. तुमचा पंजा मोठा असेल तर जंबो चालेल, मध्यम किंवा लहान असेल तर मिडसाइजवर थांबा. विकत घ्यायच्या आधी घरी बघता येईल. क्लबवर जुना हातरुमाल घट्ट गुंडाळा, धरा, अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी ताणली जाते का बघा. ताणली जात असेल तर एक वेढा कमी करा.

अंगठा कसा ठेवता तेही विचारायचं होतं. खेळणारे रुग्ण सांगतात की डावा अंगठा शाफ्टवर सरळ लांब ठेवायला शिकवतात. तो थोडा आखूड ठेवा, आत ओढून घेतल्यासारखा, आणि शाफ्टच्या अगदी माथ्यावर नको, किंचित उजवीकडं. ताणलेल्या अंगठ्यावर भार आला की सांधा सरकायला बघतो.

झिणझिण्यांबद्दल विचारते, नीट उत्तर द्या. त्या फक्त माती लागल्यावरच येतात, की रात्री झोपेतही अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं? रात्री हात झटकावा लागतो का? तसं असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. मधुमेहात ते जास्त दिसतं. मग ग्रिपनं भागणार नाही, डॉक्टरांना दाखवावं लागेल.

साखर आहे म्हणालात म्हणून आणखी सांगते. दुखण्याची गोळी घेऊन खेळायला जाऊ नका. या गोळ्या वारंवार घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मधुमेहात मूत्रपिंडं आधीच जपायची असतात. शिवाय दुखणं दबलेलं असताना तुम्ही सांध्याला नको तेवढं राबवाल. लावायचं जेल तुमच्या डॉक्टरांना विचारून वापरा. खेळायच्या आधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवा, पण पाणी किती गरम आहे ते कोपरानं बघा, बोटांनी नको. मधुमेहात बोटांना चटका उशिरा कळतो.

आणि कुणी स्पंजचा बॉल दाबायचा व्यायाम सांगितला असेल तर तो बंद करा. लोक टीव्ही बघत तासभर दाबत बसतात. या सांध्याला तो व्यायाम नाही, शिक्षा आहे. त्याऐवजी पालथा हात टेबलावर ठेवा, तर्जनी अंगठ्याच्या दिशेला सरकवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तिला हलकं अडवून धरा. तर्जनी आणि अंगठ्याच्या मधला स्नायू फुगलेला जाणवेल. तोच स्नायू हा सांधा जागेवर धरतो.

घरकामाला, गाडी चालवायला निओप्रिनचा अंगठ्याचा पट्टा वापरलात तर सांध्याला दिवसभर विश्रांती मिळते. खेळताना घालायचा की नाही ते तुम्ही बघा. काहींना त्यानं मनगट अडखळल्यासारखं वाटतं.


गोदाकाठ_नांदेड:

भाऊ, मला झीज नाही, आमवात आहे, दोन्ही हातांना. त्यामुळं माझं सगळंच तुम्हाला लागू पडणार नाही. पण बाईच्या हातानं खेळणारं कुणी इथं लिहीत नाही म्हणून लिहिते. यांच्या नोकरीमुळं आम्ही पुण्याला होतो तेव्हा शिकले. आता नांदेडला असते, मुलाकडं गेले की खेळते.

माझा हात लहान. मला एकानं संधिवात म्हटल्यावर सरळ जंबो ग्रिप बसवून दिली होती. हातात धरल्यावर क्लब माझा वाटेचना, मनगट वळेना, बॉल सगळे उजवीकडं जायचे. ती काढून मिडसाइज, अगदी मऊ, अशी बसवली तेव्हा बरं वाटलं. फिजिओताई सांगतात तसं माप बघूनच घ्या.

मी पकड बदलली. आधी उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत अडकवायचे. सांधे सुजलेले असले की ती अडकवलेली बोटं फटक्याच्या वेळी एकमेकांना पिळतात. आता दहाही बोटं ग्रिपवर, क्रिकेटची बॅट धरतात तशी. डावा अंगठा शाफ्टवर न ठेवता भोवतीनं वळवते. लांबी थोडी कमी झाली. शिकवणाऱ्यांना ही पकड आवडत नाही, नियमाला मात्र ती चालते, आणि माझ्या अंगठ्यावर आता भार येत नाही. तुम्ही निदान एकदा सरावाला करून बघा.

मोजे दोन्ही हातांत घालते. पावसाळी खेळासाठी जोडीनं विकतात ते, कापडी, ओले झाले की जास्त पकड देणारे. दमट हवेत चामड्यापेक्षा ते बरे.

बॉल मऊ घ्या. बॉलचं वजन नियमानं ४५.९३ ग्रॅमच्या आतच असतं, त्यामुळं वजनात फरक नाही. फरक दाबला जाण्यात आहे. खोक्यावर कधी सॉफ्ट लिहिलेलं असतं, कधी कॉम्प्रेशनचा आकडा असतो, तो जितका कमी तितका बॉल मऊ. आपल्यासारख्यांच्या वेगाला मऊ बॉल अंतरात मागं पडत नाही. कडक बॉल थंडीत सकाळी मारला की हाताला विटेसारखा लागतो.

बॅग खांद्यावरून उतरवा भाऊ. तीन चाकांची ढकलायची गाडी घ्या, ओढायची नको. ओढताना मागं वळलेल्या मुठीवर ताण येतो. ढकलायची गाडी तळहातानं ढकलता येते, मूठ लागतच नाही. आणि बॅगेच्या चेनला परकराच्या नाडीचे फास बांधा. चेनची ती इवलीशी पट्टी चिमटीत धरून ओढण्यापेक्षा फासात बोट घालून ओढता येतं.

ज्या दिवशी सांधे गरम आणि लाल असतील त्या दिवशी खेळू नका, कितीही आग्रह झाला तरी. मी त्या दिवशी मैदानावर जाते, चालते, आणि बाकीच्यांचे बॉल शोधते.


नाथसागर:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं, सौभाग्यवतींनाही वाचून दाखवलं. परकराची नाडी त्यांनी लगेच काढून दिली.

फिजिओताई, रात्री बधिरपणा नाही, हात झटकावा लागत नाही. झिणझिण्या फक्त माती लागली की. तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घालतो. स्पंजचा बॉल माझ्याकडं होता, नातवाला दिला.

हातरुमाल गुंडाळून बघितलं. माझा पंजा मध्यम आहे. एक वेढा दिला तर छान वाटलं, दुसऱ्या वेढ्याला अंगठ्याजवळची कातडी ताणली. म्हणजे मिडसाइज ठरलं असं समजतो. ग्रिप काल धुतल्या. पाणी काळं निघालं. खरखरीतपणा थोडा परत आलाय, पण अंगठ्याखालचा खळगा तसाच आहे.

जवान, टीचं काय करावं? आणि जाड ग्रिप वजनाला जास्त भरते, मग क्लबचा तोल बिघडत नाही का? जावयांनी हा मुद्दा काढलाय.


गेवराईचा_जवान:

ताईंचं आणि फिजिओताईंचं म्हणणं मला मान्य आहे. मिडसाइजच बसवू.

तोलाचं जावईबापूंना असं सांगा. ग्रिप चार-पाच ग्रॅमनं जड झाली की क्लबचं डोकं हाताला थोडं हलकं वाटतं, हे खरं आहे. स्पर्धेतला खेळाडू ते पकडतो. तुम्हालाही पहिल्या दिवशी जाणवेल. पण हलक्या वजनाच्या ग्रिपही येतात, त्यातलीच मिडसाइज घेतली तर हा प्रश्नच उरत नाही. आणि तरीही डोकं हरवल्यासारखं वाटलं तर डोक्याच्या मागं शिशाची चिकटपट्टी लावतात, ती माझ्याकडं आहे. फेरी चालू असताना लावायची-काढायची नाही, घरूनच लावून निघायचं.

टीचं सोपं आहे. कडक जमिनीत टी कधी बोटांनी खोवायची नाही. आधी भोक पाडायचं. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घासून अणकुचीदार करा, त्याची मूठ जाड असते. मूठ तळहातात धरून वरून अंगाच्या भारानं दाबा, अंगठा लावायचाच नाही. आमच्या मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारी, पोरं मोठा खिळा लाकडाच्या गोळ्यात ठोकून तेच करायची. भोक पडल्यावर टी बोटांच्या मधे सैल धरा, तिच्यावर बॉल ठेवा आणि बॉल तळव्यानं दाबा. टी आपोआप उतरते. काढताना ती चिमटीनं उपटू नका, बुटाच्या टोकानं हलवा.

आणि सरावाच्या मैदानावर काँक्रीटवर अंथरलेली चटई असेल तर तिच्यावरून आयर्न मारू नका. तिथं क्लबला जायला जागाच नसते, सगळा दणका परत हातात येतो. सरावाला बॉल बुटक्या टीवर ठेवूनच मारा. मैदानावरही उन्हाळा संपेपर्यंत तुम्ही मित्र आपसांत ठरवून घ्या की बॉल उचलून जवळच्या गवतावर ठेवायचा. लष्करी मैदानांवर जमीन खराब असली की असं ठरवतात, त्यात कमीपणा काही नाही.

कधी येताय सांगा. सगळे क्लब आणू नका. सात नंबर आणि पटर, दोनच. ते बसवू, तुम्ही त्यावर खेळा, आठवडा-दोन आठवड्यांत अंगठा काय म्हणतो ते कळवा, मग बाकीचे करू.


नाथसागर:

रविवारी येतो. लेक-जावई पुण्याहून शनिवारी यायलेत, त्यांनाच बरोबर घेऊन येतो. हायब्रिडबद्दल तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल.


गेवराईचा_जवान:

या काका. दुपारी चारनंतर या, तोवर शेतात असतो. येताना सात नंबरची जुनी ग्रिप काढू नका. तो अंगठ्याखालचा खळगा मला बघायचाय. तुमचा भार नेमका कुठं पडायलाय ते त्यावरून कळेल, आणि टेपचे वेढे त्या हिशोबानं देता येतील.